खालचा दम

ओझं सोबत आणलेलं नसेल तर मिस्त्री गाडी उघडत नसत. काय बिघडलं, कधीपासून बिघडलं, आवाज कसा येतो, या चौकशा सगळ्या नंतरच्या. आधी एकच विचारायचे, "ओझं कुठं हाय?" नवा माणूस गांगरायचा. ओझं कसलं? "जे तू या गाडीवर रोज नेत अशीन ते. गाडी ते ओढते. तुले एकट्याले पाहून मी काय करू?" एवढं बोलून मिस्त्री लिंबाखालच्या बाजेवर पुन्हा आडवे व्हायचे, आणि गिऱ्हाईक निमूट घरी जाऊन दुधाच्या कॅना, सरकीचं पोतं, बायको, बकरी, जे काय असेल ते घेऊन परत यायचं.

मारेगावहून झरीकडे जाताना कापसाची शेतं विरळ होत जातात आणि सागाची झाडं लागतात, तिथं रस्त्याच्या डाव्या हाताला त्यांचा बंजाऱ्यांचा तांडा. पाटी नाही, शटर नाही. तांड्याच्या तोंडाशी एक लिंब, लिंबाखाली बाज, बाजेखाली अवजारांची पत्र्याची पेटी. लिंबाच्या पुढं लगेच चढ सुरू व्हायचा, चांगला छातीवर येणारा, आणि अर्ध्यात बिब्याच्या झाडापाशी एकदम वळलेला. लोक इतक्या लांबून मोटारसायकली घेऊन यायचे ते मिस्त्रीसाठी जितके यायचे तितकेच त्या चढासाठी. मिस्त्री गाडीची परीक्षा तिथंच घ्यायचे. सपाट रस्त्यावर गाडी चालवून पाहणं म्हणजे त्यांच्या मते झोपलेल्या माणसाचा स्वभाव पाहणं.

मला त्यांच्या सदऱ्याचा फार राग यायचा. इंजिनाचं काम करणारा माणूस, आणि सदरा पांढरा फेक, मनगटापर्यंत बटणं लावलेला. मी आरोग्यसेविका. दिवसभर लेकरं अंगावर मुततात, ओकतात, औषधं सांडतात, संध्याकाळी माझ्या साडीकडे मला पाहवत नाही. आणि हा माणूस ऑइलमध्ये बसून पांढराच्या पांढरा. मग एक दिवस कळलं की यात जादू काहीच नाही. मिस्त्री स्वतः काही करतच नसत. गिऱ्हाईकाला करायला लावायचे. "तो नट खोल. आता पुस. फुंकून पाह्य." गाडी ज्याची, हात त्याचेच काळे झाले पाहिजेत, असा त्यांचा कायदा होता. बोटांत अंगठ्या घातलेला एक मोठा ठेकेदार उकिडवा बसून रॉकेलमध्ये चेन धुतो आहे, आणि मिस्त्री बाजेवरून चहाचा घोट घेत सांगताहेत, "मांगची कडी राह्यली, साहेब," हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. ठेकेदार मुकाट्यानं मागची कडी घासत होता.

तिसरी तऱ्हा ऐकण्याची. गाडी ओझं घेऊन चढायला लागली की मिस्त्री तिच्याकडे पाठ करून उभे राहायचे. हात मागे बांधलेले, मान जराशी खाली. मी एकदा विचारलं, की मिस्त्री, पाहत का नाही? तर म्हणाले, डोळे लबाड असतात. गाडी जाताना दिसली की माणसाला वाटतं, चांगली जाते आहे. कान असं काही वाटून घेत नाहीत. आता हे खरं की नाटक, देव जाणे. पण गाडी खाली आली की ते बरोबर सांगायचे, कुठं गिअर पाडला, कुठं तिला धाप लागली.

आणि गोष्टी! त्यांच्या आजोबांच्या आजोबांचा म्हणे बैलांचा मोठा तांडा होता. पाठीवर गोण्या लादून शेकडो कोस मिठाची ने-आण. बैल विकत घ्यायचा तर दात पाहायचे नाहीत, शिंगं पाहायची नाहीत. पाठीवर गोणी टाकून त्याला टेकाड चढवायचं आणि मग पैसे द्यायचे. "ते आमच्या रक्तात हाय," असं छातीवर हात ठेवून सांगायचे. पुढच्या खेपेला मिठाची हळद व्हायची, त्याच्या पुढच्या खेपेला दारूगोळा. मी नुसती हं-हं करायची. पण त्यांची बायको एकदा आतून म्हणाली, यांना विचार, बैलाजवळ जाऊन उभे तरी राहतात का? तेव्हा कळलं की मिस्त्री बैलांना भलते भितात. पोळ्याच्या दिवशी तांड्यात बैल सजवून आणले की हे घरात जाऊन कडी लावून घ्यायचे.

त्यांच्या बायकोला सगळा तांडा याडी म्हणायचा. याडी म्हणजे आई. मग येणारे-जाणारेही याडीच म्हणू लागले. चांगली थोराड बाई, आवाज खणखणीत, हातात पांढऱ्या बांगड्या, गुडघे मात्र पार गेलेले. ओझ्याच्या नियमाचं मूळ मला तिनंच सांगितलं. रक्तबिक्त काही नाही. पूर्वी मिस्त्री प्रत्येक गाडी याडीला मागे बसवून चढावर नेऊन पाहायचे. तीच त्यांचं माप. याडीला घेऊन चढली म्हणजे गाडी पास. मग तिचे गुडघे गेले, तिनं साफ सांगितलं की आता माझ्यानं टांग टाकून चढणं-उतरणं होत नाही, आणि त्या दिवसापासून लोकांना आपापलं ओझं आणावं लागू लागलं. हे सांगताना ती इतकी हसली की मलाही हसू आलं. मिस्त्री बाजेवर डोळे मिटून पडले होते. ऐकू येत होतं त्यांना सगळं.

आता माझी त्यांची गाठ कशी पडली ते सांगते. पडली हा शब्द अगदी बरोबर आहे, कारण मी पडलेच होते.

माझं उपकेंद्र त्या चढाच्या पलीकडे, आणि त्याच्याही पुढं डोंगरावर कोलामांचं पोड, म्हणजे त्यांची वस्ती. घर मारेगावात, कारण लेकीची शाळा तिथं, सासूबाई तिथं. बस दुपारी यायची आणि पोडावरचं लसीकरण दर बुधवारी सकाळी दहाला. आधी माझ्याकडे स्कूटी होती, तिनं त्या चढावर पट्टा जाळून घेतला आणि माझा एक बुधवार बुडाला. मग नवऱ्यानं सासऱ्यांची जुनी मोटारसायकल कोठ्यातून काढली. तिचं इंजिन जाम झालेलं. नवरा यवतमाळला लोहाऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला, तिथं खोली करून राहतो, सुटीला येतो. तिथल्याच एका दुकानात त्यानं इंजिन पूर्ण बांधून घेतलं. नवा पिस्टन, नव्या रिंगा, सिलिंडरला बोअर, सगळं. दुकानदारानं विचारलं, गाडी कशी पाहिजे? नवरा म्हणाला, पळाली पाहिजे. झालं. त्यानं एक मोठं कार्बोरेटर बसवलं, एक भोंग्यासारखा सायलेन्सर लावला, आणि गाडी खरंच पळायला लागली. यवतमाळहून मारेगावात आली तेव्हा नवऱ्याचे केस उभे होते आणि तोंडभर हसू.

पुढच्या बुधवारी रजा काढून तो मला पोडावर सोडायला निघाला. मी मागे, मांडीवर लसीचा डबा. सपाटीवर गाडी वाऱ्यासारखी. चढाला लागलो, बिब्यापाशी समोरून बकऱ्यांचा कळप आला, नवऱ्यानं वेग कमी केला, आणि त्या नव्याकोऱ्या इंजिनानं दोन उचक्या देऊन जीव सोडला. गाडी मागे घरंगळली. आम्ही दोघं नालीत. डब्याचं झाकण उघडून बर्फाच्या थैल्या उतारावरून खाली चालल्या, आणि मी तिथंच पडल्या पडल्या त्यांच्याकडे पाहत होते.

तांड्यातल्या बायांनी मला उठवलं. मागाहून पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ हात मागे बांधून सावकाश चढून आले. मला वाटलं, लागलं का म्हणून विचारतील. त्यांनी नवऱ्याला गाडी सुरू करायला लावली, तिच्याकडे पाठ केली आणि मान खाली घालून उभे राहिले. मग म्हणाले, "हिले वरचा दम लय हाय. खालचा दमच नाई."

मी म्हटलं, माझं कोपर फुटलं आहे ते पाहा आधी. त्यांनी कोपर पाहिलं. "ते आपोआप भरते," म्हणाले. "इंजन नाई भरत आपोआप." सिरिंज हाताशी असती तर मी त्यांना काहीतरी टोचलंच असतं.

खालचा दम म्हणजे काय, ते त्यांनी नवऱ्याला समजावलं. इंजिन जोरात फिरत असताना ताकद कोणालाही देता येते. पण ते हळू फिरत असताना, पहिल्या गिअरमध्ये, ओझं घेऊन, चढावर, तेव्हा जी ओढ लागते तो खालचा दम. लोहाऱ्याच्या दुकानदारानं गाडी सरळ रस्त्यासाठी लावली होती. त्याची काही चूक नव्हती. त्याला चढ कोणी दाखवलाच नव्हता.

स्कूटीचा धरून माझे दोन बुधवार बुडाले. माझी नोकरी कंत्राटी, महिनाअखेर करार पुढं वाढायचा होता. आमचे डॉक्टर भले माणूस. ते मला बोलले नाहीत, पण एवढं म्हणाले की सिस्टर, आता तिसरा बुधवार गेला तर माझ्याही हातात काही राहणार नाही. तिथं दुसरं कोणीतरी द्यावं लागेल. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं की पुढच्या बुधवारी मी पोडावर पोचले नाही तर मीच नोकरी सोडते, मला काढलेलं मला चालणार नाही. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, सोडली तर सोडली, घरी काय कमी आहे? त्या बोलण्यानं तर मी आतून पारच हलले. नोकरी सोडायची सगळ्यांची तयारी होती. एक मीच तेवढी राहिले होते.

रविवारी आम्ही दोघं ओझं घेऊन मिस्त्रींकडे गेलो. ओझं म्हणजे डबा, वजनकाट्याची पिशवी आणि मी. दुकानदारानं काढून परत दिलेलं जुनं सामानही आणा असा निरोप होता. सासूबाई काहीच फेकत नाहीत म्हणून ते पोत्यात सापडलं. मिस्त्रींनी आधी आम्हाला पायी चढवलं. हाही त्यांचा कायदा. जे गाडीकडून मागायचं ते आधी स्वतः करून पाहायचं, ओझ्यासकट. नवरा डबा घेऊन, मी पिशवी घेऊन, असे आम्ही वर जाऊन खाली आलो. नवरा लाल झाला होता. मिस्त्रींनी विचारलं, "कुठं दम लागला?" हा त्यांचा आवडता प्रश्न. प्रत्येकाला विचारायचेच. नवऱ्यानं बोट दाखवलं, बिब्यापाशी. "हां. तिथंच तिलेबी लागते." मला काही विचारलं नाही.

खरं म्हणजे त्या दिवसभरात मला एकच प्रश्न विचारला गेला. "वयनी, तुमचं वजन किती?" मी नवऱ्यादेखत सांगणार होते का? मग याडीनं येऊन मला कंबरेला धरून उचललं, खाली ठेवलं आणि त्यांच्या गोरबोलीत मिस्त्रींना काहीतरी सांगितलं. मिस्त्रींनी मान हलवली. आजवर मला ते कळलेलं नाही.

मग दिवसभर काम चाललं. काम म्हणजे माझा नवरा करत होता आणि मिस्त्री बाजेवरून सांगत होते. मोठं कार्बोरेटर काढलं, जुनं लहान बसवलं. भोंगा काढून जुना सायलेन्सर लावला. मागच्या चाकाला जास्त दातांची चक्री घातली. गाडी आता पळणार कमी, ओढणार जास्त. टॅपेटची, म्हणजे झडपांची, फट पाहिली. नवऱ्याचे हात कोपरापर्यंत काळे. मग मला मागे बसवून त्यानं खेपा घातल्या, वर-खाली, वर-खाली, जोरात नाही, कारण नव्या रिंगा अजून बसायच्या होत्या. मिस्त्री पाठ करून उभे. मध्येच हात वर करायचे, की खाली या. एक स्क्रू पाव फेरा. पुन्हा वर. तेवढ्यात एक पोरगा चकचकीत गाडी घेऊन आला आणि विचारायला लागला की मिस्त्री, हिचा टॉप स्पीड वाढवून देता का? मिस्त्री म्हणाले, "कुठं जायचं हाय तुले इतक्या लवकर?" तो निघून गेला.

ऊन कलायच्या आत गाडी आम्हा दोघांना घेऊन अशी चढली की मी मागे बसून रडायच्या बेतात आले. नवरा खुशीत संध्याकाळच्या बसनं यवतमाळला गेला. मिस्त्रींनी गाडी ठेवून घेतली, म्हणाले थंड इंजिन सकाळी कसं उचलतं ते पाहतो, बुधवारी येऊन घेऊन जा.

बुधवारी सकाळी मी काळी-पिवळी जीपमधून लिंबाखाली उतरले; ती तिथून पुढं चढावर जात नसे. एका हातात डबा, दुसऱ्या हातात पिशवी. मिस्त्री सदरा झटकत उठले आणि माझ्या मागे पाहू लागले.

"भाऊ कुठं हाय?"

"यवतमाळले. ड्युटीवर."

"मंग गाडी कोन नेते?"

"मी नेते. रोज मीच नेणार हाव."

मिस्त्री बाजेवर बसले. मला वाटलं, आता बाईमाणूस आणि मोटारसायकल यावर भाषण ऐकावं लागणार, आणि मी पदर खोचून तयारच झाले. पण तसं काही नव्हतं. त्यांचा चेहरा पडला होता.

"तुम्ही मले सांगतलं काहून नाई?"

"तुम्ही इचारलं काहून नाई? माझं वजन तेवढं इचारलं."

इतकी वर्षं ओझं पाहिल्याशिवाय गाडीला हात न लावणारा माणूस, आणि गाडी चालवणार कोण हे विचारायचं राहून गेलं. बाई म्हटली की ती मागे बसणार. याडी आयुष्यभर मागेच बसली होती ना. मी त्यांना बोलायला कमी करणार नव्हते, पण खरं सांगू, नवऱ्यालाही ते सांगायचं सुचलं नव्हतं. तांड्यातल्या कोणालाच सुचलं नव्हतं.

मिस्त्रींनी मला गाडीवर बसून ती चालू करायला सांगितली. मी केली; गिअरची गाडी मी माहेरीच शिकले होते. पहिला गिअर टाकून चढाच्या सुरुवातीला हळूच क्लच सोडला, तशी गाडी खोकली आणि बंद पडली. पुन्हा केली. पुन्हा बंद. रविवारी दोघांना घेऊन चढलेली गाडी माझ्या एकटीच्या हाताखाली जागची हलेना.

मिस्त्रींनी किल्ली काढून घेतली. म्हणाले, भाऊची मूठ एकदम फिरते, मी गाडी त्या मुठीला लावली आहे. तुम्ही थोडं थोडं पिळता, तेवढ्यात तिच्या पोटात काही जातच नाही.

"मिस्त्री," मी म्हटलं, "दहा वाजता पोडावर बाया लेकरं घेऊन बसतीन. आज चुकलं तं माही नोकरी जाते. समजलं का? मी जोरानं पिळीन, द्या किल्ली."

"अशी नेली तं तुम्ही बिब्यापाशी पडसान," ते म्हणाले. "आता पडू देत नाई मी तुम्हाले."

आणि मग मी जे पाहिलं ते तांड्यात कोणी पाहिलं नव्हतं. मिस्त्री स्वतः मातीत गुडघे टेकून बसले. मला नट खोलायला सांगितला नाही, कोणाला हाक मारली नाही. स्वतःच्या हातानं कार्बोरेटर उतरवलं. पेट्रोल मनगटावरून बाहीत गेलं, काळा ओघळ कोपरापर्यंत आला, त्यांचं लक्ष नव्हतं. याडी दारात आली. तिनं तो सदरा पाहिला आणि उंबऱ्यावर बसली. कार्बोरेटरच्या आत एक सुई असते. मिस्त्रींनी ती एक खाच वर घेतली. सुई म्हटल्यावर मी जरा नीट पाहू लागले. ती किती वर, किती खाली, यावर किती अवलंबून असतं हे मला दुसऱ्यांनी सांगायला नको. मग हवेचा स्क्रू. मग क्लचची तार सैल केली, माझ्या बोटांना जमेल इतकी. मला बसवायचे, मूठ पिळायला लावायचे, आणि इंजिनाकडे नाही, माझ्या मनगटाकडे पाहायचे. त्या दिवशी पहिल्यांदा ते डोळ्यांनी काम करत होते.

ऊन वर येत होतं. मी डब्यावर ओला रुमाल टाकला होता आणि दर थोड्या वेळानं त्याला हात लावून पाहत होते, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा.

"झालं," मिस्त्री शेवटी म्हणाले. "आता ओझं."

मी डबा दाखवला. त्यांनी मान हलवली. डब्यानं काय होतं? उद्या एखादी अडलेली बाई वर उपकेंद्रात न्यायची पाळी आली तर? गाडी अर्ध्यात थांबवून, मागे बाई घेऊन, पुन्हा उचलता आली पाहिजे. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि म्हणून मला आणखी राग आला. आता मी बाई आणू कुठून?

"मी बसते," याडी म्हणाली.

मिस्त्री वळले. "तू? तुहे गुडघे?"

"गुडघ्यानं बसते का कोनी?" ती म्हणाली आणि उठली.

दोन बायांनी तिला बाजेवर उभं केलं, मी गाडी बाजेला लावली, आणि याडी कित्येक वर्षांनी मोटारसायकलवर बसली. माझ्या आणि तिच्या मध्ये डबा. तिचा जड हात माझ्या खांद्यावर आला. मिस्त्री जवळ आले. "सिस्टर," म्हणाले, वयनी नाही, "बिब्यापाशी थांबजा. मुद्दाम. पाय टेकवा. मंग उचला." मी म्हटलं, तिथंच पडले होते मी. "म्हनूनच," ते म्हणाले, आणि पाठ करून उभे राहिले.

मी हळू क्लच सोडला. गाडी खोकली नाही. खालच्या आवाजात, जात्यासारखी घरघरत ती चढायला लागली. याडीचं वजन मागे ओढत होतं, ते मला दोन्ही दंडांत कळत होतं. बिबा आला. सगळं अंग सांगत होतं, थांबू नको, निघून जा. मी थांबले. जेमतेम अंगठा टेकला. ती नाली तिथंच होती, माझ्या डाव्या हाताला. मी नेहमीसारखीच थोडीशी मूठ पिळली, जितकी माझ्यानं पिळली जाते तितकीच, आणि क्लच सोडू लागले. इंजिनाचा आवाज खाली गेला, आणखी खाली गेला, मला वाटलं गेली. आणि तिनं तिथूनच उचललं. अगदी तळातून. दोघींना, डब्याला, सगळ्यांना घेऊन ती वळणावर चढली आणि मी मोठ्यानं "वो माय" म्हटलं.

वर पोचल्यावर मी गाडी थांबवायला लागले, मिस्त्रींना हात करायला. याडीनं माझा खांदा दाबला.

"थांबू नको. चाल पोडावर. तुहा टाइम होऊन राह्यला."

"मिस्त्री खाली उभे हायेत. त्यायले सांगा तं लागन."

"त्यायले आयकू आलं असन. येऊ दे पायी."

पोडावर समाजमंदिराच्या सावलीत बाया लेकरं घेऊन बसलेल्या होत्या. मी डबा उघडला. बर्फ अजून घट्ट होता. पहिल्या बाळाला टोचलं, त्यानं असं भोकाड पसरलं की सगळं पोड हादरलं, आणि त्या रडण्यानं माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. नोकरी राहिली. मी तिथंच खाली बसले. एका कोलाम म्हातारीनं मला पाणी आणून दिलं. याडी बायांमध्ये पाय पसरून बसली होती आणि आपण कशा आलो ते सांगत होती. तिच्या सांगण्यात चढ दुप्पट झाला होता.

बऱ्याच वेळानं पायवाटेवर मिस्त्री दिसले. माझी वजनकाट्याची पिशवी मी घाईत बाजेवरच विसरले होते, ती त्यांच्या खांद्यावर. सदऱ्याच्या बाह्या काळ्या, पाठ घामानं चिकटलेली. चढावर हजार गाड्या चढवलेला माणूस, पण ओझं घेऊन पायी चढायची पाळी कधी आली नव्हती. आले, दगडावर बसले, आणि नुसते श्वास घेत राहिले.

याडीनं त्यांच्याकडे पाहिलं.

"कुठं दम लागला?" तिनं विचारलं.

मिस्त्रींनी हात वर केला, थांबा म्हणून. मग तोच हात मागे, उताराकडे केला. "बिब्यापाशी," म्हणाले. आणखी दोन श्वास घेतले. "थांबलो तिथं. मुद्दाम."

मला जे हसू आलं ते आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते पदरानं पुसलं, नवी सिरिंज काढली आणि पुढच्या बाईला म्हटलं, आन वो, तुह्या लेकराले.